पापणीवरचा ओरखडा

घरच्या मांजराच्या पापणीलगत नखाचा एखादा ओरखडा उमटलेला दिसला, त्यावर रक्ताचा बारीकसा ठिपका सुकून बसलेला असला, आणि मांजर मात्र नेहमीप्रमाणे दुधाच्या वाटीकडे चालत गेले, तर आपल्या बहुसंख्य कुटुंबांत दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘मांजराची जात, चाटून बरे करील’ असे म्हणून त्या जखमेकडे पाठ फिरवली जाते. किंवा हळद, खोबरेल, तूप, गुलाबपाणी आणि फडताळाच्या कोपऱ्यात राहून गेलेली डोळ्यांच्या औषधाची अर्धी बाटली यांपैकी जे प्रथम हाती लागेल ते मोठ्या ममतेने त्या डोळ्यात जाते. पहिल्या वागणुकीत उपेक्षा आहे आणि दुसरीत माया आहे. तथापि दोहोंचे मूळ एकच, आणि ते हे, की त्या जनावराचा डोळा कोणी नीट पाहिलेलाच नसतो. जखम क्षुल्लक आहे हा निवाडा डोळा पाहिल्यानंतर करावयाचा असतो, आणि पाहिल्यानंतरही, घरच्या माणसाचे काम जखम स्वच्छ ठेवणे, जनावराला ती खाजवू न देणे आणि पशुवैद्याच्या आज्ञेवाचून एक थेंबही डोळ्यात न घालणे एवढ्यावर संपते, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाटून बरे होण्याच्या समजुतीचा निकाल प्रथम लावलेला बरा. मांजराची जीभ त्याच्या अंगावर बहुतेक सर्वत्र पोहोचते, परंतु स्वतःच्या डोळ्यापर्यंत ती पोहोचत नाही, हे मांजर तोंड धुताना क्षणभर पाहिले तरी कोणाच्याही ध्यानात येईल. ते पुढच्या पंजाची आतली बाजू चाटून ओली करते आणि तो ओला पंजा कानामागून कपाळावर, कपाळावरून डोळ्यावर आणि डोळ्यावरून मिशांपर्यंत ओढून आणते. ज्या पंजाने त्याने सकाळी अंगणातली माती उकरून आपली घाण झाकली आणि दुपारी वळचणीला उंदीर दाबून धरला, तोच पंजा दिवसातून अनेकदा त्या ओल्या जखमेवरून फिरतो. पुढे खपली धरू लागली आणि खाज अनावर झाली, म्हणजे मागचा पाय उचलून ते नखांनी तीच जागा खरवडते. शेजारच्या बोक्याच्या फटकाऱ्यातून जो डोळा थोडक्यात वाचला, तो पुष्कळदा या खरवडण्याने दुखावतो. म्हणून निसर्गावर सोपवून स्वस्थ बसणे या एका जागेच्या बाबतीत तरी सयुक्तिक नाही.

पापणीची त्वचा स्वभावतः कनवाळू आहे. तिला रक्ताचा पुरवठा विपुल असतो, त्यामुळे तिच्यावरचा उथळ ओरखडा लवकर भरून येतो. तिला सूजही चटकन येते, आणि पुष्कळदा भयंकर दिसणारी सूज दुसऱ्या दिवशी निम्म्यावर उतरलेली असते. धोका तेथे नाही. तो तिथून दोन-चार मिलिमीटर आत आहे. बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला आपण पारपटल म्हणतो, त्याची जाडी एका मिलिमीटरहूनही कमी. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, कारण त्या असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता, आणि त्याचे पोषण पुढून अश्रूंवर व मागून डोळ्यातील द्रवावर चालते. उलट वेदना वाहून नेणारे मज्जातंतू मात्र त्यात इतके दाट विणलेले असतात, की नुसत्या डोळ्यांना न दिसणारा ओरखडाही जनावराला डोळा उघडू देत नाही. या पडद्याचा केवळ वरचा पापुद्रा निघाला असेल, तर भोवतालच्या पेशी सरकत येऊन ती उघडी जागा झाकतात आणि बहुधा आठवड्याच्या आत सर्व पूर्ववत होते. परंतु त्या उघड्या जागेत जंतूंनी प्रवेश केला, अथवा चुकीच्या औषधाने त्या पेशींचे काम थांबवले, तर व्रण खोल जातो; मग भरून आला तरी मागे पांढुरका डाग राहतो, ज्याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडले असे म्हणतात, आणि न भरला तर पडद्याला भोक पडून डोळाच हातचा जातो. शेजारशेजारच्या या दोन जागांच्या स्वभावात एवढे अंतर असल्यामुळे पापणीवरची रक्ताची रेघ पाहून डोळ्याविषयी कोणतेच अनुमान करता येत नाही.

मग पाहावे कसे? खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, आणि शक्यतो दोघांनी मिळून. एकाने मांजराला जुन्या पंचात मानेपर्यंत गुंडाळून मांडीवर घ्यावे, चारही पाय आत राहतील पण श्वास कोंडणार नाही असे. दुसऱ्याने हनुवटीखाली बोट ठेवून तोंड हलकेच वर करावे आणि प्रथम नुसते बघत राहावे. जखमी डोळा दुसऱ्या डोळ्याइतका उघडा आहे काय, की तो किलकिला होतो आहे? पाणी वाहते आहे काय, आणि वाहत असल्यास ते स्वच्छ आहे की पिवळे-हिरवे, चिकट? बुबुळ काचेप्रमाणे नितळ आहे, की त्यावर कोठे धुरकट ढग दिसतो? दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत काय? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून फिकट गुलाबी पडदा पुढे आलेला आहे काय? हा पडदा म्हणजे मांजराची तिसरी पापणी. निरोगी, जाग्या मांजरात ती बहुतांशी दृष्टीआड असते. दोन्ही डोळ्यांत ती पुढे आली तर सर्व शरीराला काही आजार झाल्याची ती खूण असू शकते, आणि एकाच डोळ्यात आली तर त्या डोळ्यात वेदना आहे असे समजावे. या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल आले, तर घरगुती उपायांची मुदत तेथेच संपली. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, पशुवैद्याकडे गेले पाहिजे. डोळ्याच्या आत रक्त दिसले, किंवा उंच गच्चीवरून पडल्यामुळे डोळा खोबणीतून पुढे आला, तर तासही दवडू नये. अशा डोळ्याला बोट लावून तो आत ढकलण्याचा प्रयत्न न करता मिठाच्या निर्जंतुक पाण्यात भिजवलेली घडी त्यावर ठेवावी आणि निघावे.

येथे एका गोष्टीचा इशारा देणे अवश्य आहे. मांजर खाते आहे, फिरते आहे, मांडीवर बसून घुरघुरते आहे, म्हणून त्याला दुखत नाही असे मानण्याचा प्रघात आहे, आणि तो घातक आहे. मांजर सुखात घुरघुरते तसेच वेदनेतही घुरघुरते. जे जनावर स्वतः शिकारी असून त्याहून मोठ्या जनावरांचे भक्ष्यही आहे, त्याच्या अंगी आपले दुखणे उघड न करण्याची सवय मुरलेली असते. ते ओरडत नाही, पलंगाखालच्या अंधारात जाऊन बसते, आणि आपण म्हणतो, आज जरा शांत आहे. डोळ्याची वेदना ओळखण्याचे साधन डोळाच आहे. भूक किंवा आवाज यांवरून ती ओळखू जाणारा माणूस फसतो.

डोळा पूर्ण उघडा आहे, बुबुळ नितळ आहे आणि ओरखडा फक्त त्वचेवर आहे, अशी खात्री झाली म्हणजे घरी करण्याजोगे काम उरते, आणि ते साधे आहे. औषधाच्या दुकानात मिठाचे ०.९ टक्क्यांचे निर्जंतुक द्रावण, ज्याला आपण सरसकट सलाईन म्हणतो, ते छोट्या बाटलीत मिळते. ते नसेल तर उकळून पूर्ण गार केलेले साधे पाणी चालते. कापूस घेऊ नये, कारण त्याचे तंतू सुटून डोळ्यात जातात आणि नवी जखम करतात. गॉजची लहानशी घडी घ्यावी, ओली करून खपलीवर मिनिटभर नुसती ठेवावी, म्हणजे सुकलेले रक्त आपोआप सुटते, आणि मग डोळ्यापासून दूर, बाहेरच्या दिशेने एकदाच पुसावे. पुढच्या वेळी नवी घडी. खपली ओढून काढू नये. सूज असेल तर पहिल्या दिवशी गार पाण्याच्या घडीचा शेक पाच मिनिटे, मांजर सोसेल तेवढाच. याहून अधिक काही करावयाचे नाही, आणि ‘एवढेच?’ असे वाटून आणखी काही करण्याची जी ऊर्मी येते तिलाच आवर घालावयाचा आहे. हळदीचे कण कितीही वस्त्रगाळ केले तरी बुबुळावर घासतात. तूप आणि तेल केसांना धूळ धरून ठेवतात. पाण्यात घातल्याबरोबर दुधाळ होणारी जी जंतुनाशके घरोघर असतात, त्यांतील फिनॉलच्या जातीची द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ती डोळ्याला तर जाळतातच, पण पंजावाटे तोंडात गेल्यावर सर्व शरीराला अपाय करतात. माणसाच्या गुडघ्यावरच्या खरचटण्याला जे चालते ते मांजराच्या डोळ्याजवळ चालत नाही, हा भेद आपल्या घरांत अजून रुजलेला नाही.

ओरखडा आणि दंश यांतही अंतर आहे. बोक्यांच्या झुंजीत दाताचे जे टोक आत शिरते त्याचे तोंड बाहेरून अगदी सुईने टोचल्याएवढे दिसते आणि ते एक-दोन दिवसांत मिटूनही जाते. जंतू मात्र आत कोंडले जातात, आणि दोन-चार दिवसांनी गालावर किंवा भुवईजवळ गरम, दुखरे गळू उभे राहते, अंगात ताप भरतो, मांजर अन्न सोडते. म्हणून झुंजीनंतर जखम किती छोटी दिसते यावर समाधान मानू नये. पुढचे काही दिवस रोज त्या जागेवरून हलके बोट फिरवून ऊब आणि फुगवटा तपासावा. दख्खनच्या पठारावर पावसाळा सरला म्हणजे कुसळी गवत वाळू लागते आणि त्याचे कुसळ गवतातून हिंडणाऱ्या मांजराच्या तिसऱ्या पापणीमागे जाऊन रुतते, हेही या भागातल्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. बाहेरून काही दिसत नाही, डोळा मात्र बरा होता होत नाही, आणि ते कुसळ पापणी बधिर करून चिमट्याने काढावे लागते. ते काम घरी करण्याचे धाडस कोणी करू नये.

आता त्या फडताळातल्या बाटलीकडे येतो, कारण या सर्व प्रकरणातले खरे अनर्थाचे कारण ती आहे. पुण्यातील एका पेठेत पशुवैद्याच्या दवाखान्यात मी बसलो असता नऊवारी नेसलेल्या एक वृद्ध बाई वेताच्या टोपलीत करड्या रंगाची मांजरी घेऊन आल्या. पापणीवर जुनी खपली होती आणि डोळा घट्ट मिटलेला होता. डॉक्टरांनी मांजरीच्या मानेवर हात ठेवून विचारले, “आजी, घरी काही घातलंत का डोळ्यात?” आजी म्हणाल्या, “बाजारचं काही नाही हो. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी दिलेलं औषध होतं, त्याचे दोन-दोन थेंब घातले. चांगलं महागाचं आहे.” आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेली बाटली काढून दिली. डॉक्टरांनी लेबल वाचले, एक शब्द रागाचा काढला नाही, आणि एका कागदी पट्टीचे नारिंगी टोक सलाईनच्या थेंबाने भिजवून पापणीच्या आत टेकवले. मग खोलीतला दिवा मालवून त्यांनी हातातला निळा दिवा डोळ्यावर धरला. बुबुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत एक झळझळीत हिरवी रेघ उमटली, आणि तिच्या एका टोकाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा हिरवा डाग. काही मिनिटांनी तोच रंग मांजरीच्या त्या बाजूच्या नाकपुडीत उतरला, कारण डोळ्यातले पाणी नाकात जाण्याची वाट मोकळी होती. “आजी, ही रेघ नखाची,” डॉक्टर म्हणाले, “आणि हा डाग वाढलाय तो औषधानं. आता हे घालायचं नाही हं.” आजींनी ती बाटली परत रुमालात गुंडाळली नाही, टेबलावरच ठेवली.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माणसाला जे थेंब दिले जातात त्यांत बहुधा स्टेरॉइड असते, कारण शस्त्रक्रियेनंतरचा दाह शमवणे हे तेथे इष्ट असते. पण जेथे पारपटलाचा पापुद्रा निघालेला आहे तेथे तेच स्टेरॉइड भरून येणाऱ्या पेशींचा वेग मंदावते, जंतूंचा प्रतिकार करणारी शक्ती दुबळी करते आणि पडदा विरघळवणाऱ्या द्रव्यांना मोकळे रान देते. मांजरात आणखी एक संकट असते. मांजरांत हर्पीस जातीच्या विषाणूचा प्रसार फार मोठा आहे, आणि लहानपणी एकदा झालेला तो संसर्ग मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर निद्रिस्त राहतो. भीती, घरबदल, आजार किंवा स्टेरॉइड यांनी तो जागा होतो आणि बुबुळावर स्वतःचे व्रण पाडतो. सर्वांत फसवा भाग असा, की स्टेरॉइडचा थेंब पडल्यावर लाली ओसरते, सूज उतरते, आणि घरच्या माणसांना औषध लागू पडले असे वाटते. त्या समाधानात दोन दिवस जातात, आणि तेवढ्या अवधीत आतला व्रण खोल उतरतो. त्यातही उघडलेली बाटली महिनाभरानंतर टाकून द्यावयाची असते. वर्षभर फडताळात राहिलेल्या बाटलीत औषधाबरोबर जंतूही असू शकतात, हे वेगळेच.

स्टेरॉइडयुक्त औषधांच्या वेष्टनावर नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीवरच विक्री करावी असा मजकूर स्पष्ट छापलेला असतो. १९४५ च्या औषध नियमांतील एच अनुसूचीचा तो दंडक आहे. तरीही औषधाच्या दुकानात जाऊन ‘डोळा लाल झालाय, काहीतरी द्या’ एवढे म्हटले, तर प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांच्या मिश्रणाची बाटली बिनबोभाट हाती पडते, हा अनुभव शहरात आणि गावात सारखाच आहे. औषधविक्रेत्यांशी माझे भांडण नाही. रात्री दहा वाजता दारात उभ्या असलेल्या काळजीग्रस्त माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे कठीण असते हे मी जाणतो. पण ज्याने रोग पाहिला नाही, आणि रोगी माणूस आहे की मांजर आहे हेही विचारले नाही, त्याने दिलेले औषध हे औषध राहत नाही. विक्रेत्याने निदान ‘कोणाला घालायचे आहे?’ हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर मांजर किंवा कुत्रे असे आले तर सलाईनची बाटली देऊन पशुवैद्याचा पत्ता सांगावा, एवढी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. तीन प्रतिजैविकांच्या मिश्रणाच्या काही मलमांनी, अगदी क्वचित का होईना, मांजरांना तत्काळ प्राणघातक प्रतिक्रिया झालेल्या आहेत. त्यामुळे स्टेरॉइड नसले म्हणजे कोणतेही मलम निर्धोक, असेही समजून चालणार नाही.

आणि वेदनेसाठी म्हणून घरातली गोळी तर कदापि देऊ नये. ज्या पॅरासिटामॉलची पाव गोळी आपण लहान मुलाला निःशंकपणे देतो, ती मांजराला विष आहे. ते द्रव्य निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारे विकर मांजराच्या यकृतात पुरेसे नसते, म्हणून त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि जीवही जाऊ शकतो. एका ओरखड्याच्या वेदनेसाठी मायेने दिलेली गोळी मांजराच्या प्राणांवर बेतते. ही माहिती ज्या घरात मांजर आहे त्या घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला, आणि घरकामाला येणाऱ्या बाईंनाही, असली पाहिजे.

पशुवैद्याने औषध दिल्यानंतरची शुश्रूषा हा चिकाटीचा विषय आहे. मानेभोवती बांधावयाची नरसाळ्याच्या आकाराची कॉलर मांजराला मुळीच आवडत नाही. ते मागे मागे सरकते, भिंतींना धडकते, आणि घरातील कोमल अंतःकरणाची माणसे तासाभरात ती काढून टाकतात. तसे करू नये. जेवणाच्या वेळी, कोणी समोर बसले असेल तेवढा वेळ, ती काढावी आणि पुन्हा घालावी. एक-दोन दिवसांत मांजर तिच्यासह वावरू लागते. थेंब घालताना बाटली समोरून आणू नये. मांजराच्या पाठीमागे बसून एका तळव्याने मस्तक आणि हनुवटी धरावी, वरची पापणी अंगठ्याने किंचित ओढावी आणि दुसरा हात त्याच्या कपाळावर टेकवून वरून थेंब सोडावा, म्हणजे बाटलीचे टोक डोळ्याला लागत नाही आणि मांजराला ते दिसतही नाही. दोन औषधे असतील तर दोहोंत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, नाही तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. डोळा उघडला म्हणून औषध परस्पर थांबवू नये, आणि पुन्हा दाखवण्याची तारीख चुकवू नये. व्रण भरला की नाही हे त्याच हिरव्या रंगाने ठरते, आणि तो रंग उमटेनासा झाल्याखेरीज जखम बरी झाली असे कोणी म्हणू नये. आठवडा उलटूनही ती भरत नसेल, तर आत कुसळ आहे, विषाणू आहे, की पापणीचा केस घासतो आहे, याचा शोध पशुवैद्याला नव्याने घ्यावा लागतो.

ज्या मांजराला घर नाही त्याचे काय? आळीतले, चाळीच्या जिन्याखालचे, मासळीबाजाराच्या कडेचे मांजर सर्वांचे असते आणि म्हणून जखमेच्या दिवशी ते कोणाचेच नसते. हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते अशी समजूत आपल्या आजीपणजीने आपल्याला सांगितलेली आहे. मांजर मारण्याचे भय बाळगणाऱ्या या समाजात आंधळे होत चाललेल्या मांजराजवळून मात्र माणसे सहज निघून जातात. अशा मांजराला उघड्या हातांनी धरू नये. खाण्याचे आमिष दाखवून ते टोपलीत किंवा पिंजऱ्यात घ्यावे; जाड टॉवेल जवळ ठेवावा. तरीही चावा किंवा ओरखडा झालाच, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसाच्या दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीविषयी विचारावे, कारण रेबीज मांजरामुळेही होतो आणि एकदा लक्षणे दिसू लागली की त्यावर उपाय जवळपास नाही.

शेवटचे जे सांगावयाचे ते सरकारदरबारी. आपल्या दप्तरात मांजराला जागाच नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, घोडे, गाढवे आणि उंट यांच्यासह कुत्री, ससे आणि हत्तीही मोजले गेले. मांजरासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता. मुंबईत प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली, पुढच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वाने त्यांच्या पत्नी साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ परळला उभे राहिले, ज्याला मुंबईकर अजूनही बैलघोडा म्हणतात, आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालयही निघाले. एवढा जुना वारसा असलेल्या या राज्यात तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा दिवस लाळ्या-खुरकूत, घाटसर्प आणि कृत्रिम रेतन यांत संपतो. ते काम शेतकऱ्याच्या पोटाचे आहे आणि ते प्रथम व्हावे याविषयी दुमत नाही. परंतु १९६० च्या प्राण्यांचा छळ प्रतिबंधक अधिनियमाचे तिसरे कलम ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्या प्रत्येकावर त्याच्या सुस्थितीसाठी आणि अनावश्यक वेदना टाळण्यासाठी शक्य ते सर्व उपाय करण्याचे कर्तव्य लादते, आणि त्यात गाय व मांजर असा भेद केलेला नाही. लोकांवर कर्तव्य लादावयाचे तर ते पार पाडण्याचे साधन जवळच्या दवाखान्यात असले पाहिजे. ते साधन म्हणजे रंगाच्या त्या कागदी पट्ट्या, एक निळा दिवा, स्टेरॉइडविरहित थेंबांचा थोडा साठा आणि दोन-तीन मापांच्या कॉलरी. बैलाच्या डोळ्यात गेलेले उसाचे पाते आणि शेळीच्या डोळ्यात रुतलेला बाभळीचा काटा तपासण्यासही हीच पट्टी लागते, तेव्हा मांजरासाठी निराळा खर्च दाखवण्याचीही गरज नाही. जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन समित्यांनी दवाखान्यांच्या वार्षिक मागणीपत्रकात या चार वस्तूंची नोंद करून घ्यावी, आणि त्या आल्या की नाही हे तालुक्याच्या लोकांनी दवाखान्यात जाऊन विचारावे.